एक लाखात दोनचा फरक: लेसरला धरून ठेवणारी प्लाझ्माची नळी

इलेक्ट्रॉनला १० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे १० जीईव्ही ऊर्जा द्यायची तर नेहमीच्या प्रवेगकाला शंभर ते पाचशे मीटर लांबी लागते. त्यात धातूच्या पोकळ्यांमध्ये रेडिओलहरी भरलेल्या असतात. मीटरमागे २ ते १० कोटी व्होल्टच्या फार पुढे गेलं की आत ठिणग्या पडतात आणि धातूचा पृष्ठभाग खराब होतो. प्लाझ्मामध्ये ही अडचण नाही. तिथले अणू आधीच फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन वेगळे झालेले असतात, त्यामुळे फुटायचं काही शिल्लक नसतं. २०२४ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या गटाने २१ ज्यूलच्या लेसर स्पंदाने अवघ्या ३० सेंटिमीटर प्लाझ्मात ९.२ जीईव्हीचा इलेक्ट्रॉनांचा झोत मिळवला. म्हणजे सरासरी मीटरमागे सुमारे ३,००० कोटी व्होल्ट.

कल्पना तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांची, १९७९ सालची. अतिशय आखूड आणि तीव्र लेसर स्पंद प्लाझ्मातून धावतो, तेव्हा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतो. आयन त्यांच्या हजारो पटींनी जड, ते जागचे हलत नाहीत. ढकललेले इलेक्ट्रॉन परत खेचले जातात, पलीकडे जातात, पुन्हा येतात, आणि स्पंदाच्या मागे प्रभाराची लाट उभी राहते. ही लाट लेसरच्याच वेगाने पुढे सरकते. तिच्या उतारावर योग्य जागी बसलेला इलेक्ट्रॉन प्रचंड विद्युतक्षेत्रात सतत पुढे ढकलला जातो.

हे सगळं लेसर तेवढा वेळ तीव्र राहिला तरच. आणि लेसर मुळात पसरतो. त्याला पसरू न देणारी प्लाझ्माची नळी, म्हणजे प्लाझ्मा वेव्हगाइड, हा या लेखाचा विषय आहे.

विरळ प्लाझ्मा का हवा

घनतेचे आकडे पुढे सारखे येणार आहेत, म्हणून सोयीचं एक माप ठरवून घेऊ. दर घन सेंटिमीटरला १०चा १७वा घात इतके इलेक्ट्रॉन, म्हणजे एकावर सतरा शून्यं, याला या लेखापुरतं '१ माप' म्हणू. नेहमीच्या हवेत दर घन सेंटिमीटरला साधारण २५० माप रेणू असतात.

१ माप घनतेला प्लाझ्मातल्या लाटेची लांबी १०६ मायक्रोमीटर असते आणि तिला पेलवणारं क्षेत्र मीटरमागे सुमारे ३,००० कोटी व्होल्ट. १० मापांना लाट ३३ मायक्रोमीटरची होते, क्षेत्र ९,५०० कोटी व्होल्टवर जातं. मग दाट प्लाझ्माच का घेऊ नये? कारण इलेक्ट्रॉन लाटेच्या पुढे निघून जातो. प्लाझ्मात लेसरचा स्पंद प्रकाशाच्या निर्वातातल्या वेगापेक्षा किंचित हळू जातो, तर काही जीईव्हीचा इलेक्ट्रॉन जवळपास पूर्ण वेगाने. १ मापाला हा फरक दर मीटरला २९ मायक्रोमीटर पडतो. लाटेचा जो भाग पुढे ढकलतो आणि त्याच वेळी मधल्या रेषेकडे, म्हणजे अक्षाकडेही ओढतो, तो लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढाच, म्हणजे २६ मायक्रोमीटर. तो ओलांडायला इलेक्ट्रॉनला सुमारे ९० सेंटिमीटर लागतात. १० मापांना हेच अंतर जेमतेम ३ सेंटिमीटर. क्षेत्र तिपटीने वाढतं पण उपयोगी लांबी तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणून एकूण मिळकत दहापट घटते. जास्त ऊर्जा हवी तर प्लाझ्मा विरळ करा आणि लांबी वाढवा. दुसरी वाट नाही.

आता लेसरकडे. ०.८ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश ४० मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यात गोळा केला, तर तो ६.३ मिलिमीटरपर्यंतच घट्ट राहतो. त्यानंतर ६.४ मिलिरेडियनच्या कोनाने, म्हणजे मीटरमागे ६.४ मिलिमीटर, उघडत जातो. ३० सेंटिमीटरवर त्याची त्रिज्या सुमारे २ मिलिमीटर होते आणि तीव्रता दोन हजारपटींहून अधिक घसरते. लाट तर पहिल्या सेंटिमीटरभरातच मरते.

ठिपका मोठा करणं हा उपाय कागदावर सोपा दिसतो. पण ३० सेंटिमीटर घट्ट राहायला त्रिज्या सुमारे २७५ मायक्रोमीटर लागेल. तीच तीव्रता राखायला शक्ती ४८ पट हवी, म्हणजे जिथे २०० टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) पुरले असते तिथे १० पेटावॉट, म्हणजे १०,००० टेरावॉट. लेसर स्वतःच स्वतःला आवळतो हे खरं, पण त्यासाठी १ मापाला सुमारे ३०० टेरावॉट ओलांडावे लागतात. शिवाय इलेक्ट्रॉनांनी प्रतिसाद देण्याआधीच स्पंदाचं तोंड पुढे गेलेलं असतं, त्यामुळे ते आवळलं जात नाही आणि झिजत राहतं. काचेच्या तंतूचा तर विचारच नको. काच ज्या तीव्रतेला फुटते, तिच्या लाखपट तीव्रता इथे नेहमीची आहे.

नळी म्हणजे पोकळ मध्य

काचेच्या तंतूत मधल्या गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या थरापेक्षा जास्त असतो, म्हणून प्रकाश आत राहतो. प्लाझ्मालाही हाच नियम लागू, पण तिथे इलेक्ट्रॉन जितके जास्त तितका अपवर्तनांक कमी. म्हणून मध्य विरळ आणि कडा दाट हवी. कुठलाही तापवलेला वायू आपोआप असा राहत नाही. मध्य पोकळ करावा लागतो, आणि या क्षेत्रातली सगळी कारागिरी त्यासाठी आहे.

किती पोकळ? अक्षापासून ठिपक्याच्या त्रिज्येइतकं बाहेर गेल्यावर घनता किती वाढलेली असावी याचं उत्तर साधं आहे: ११३० भागिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या मायक्रोमीटरमध्ये, उत्तर मापांत. ४० मायक्रोमीटरसाठी ०.७१ माप. या सूत्रात लेसरची तरंगलांबी येतच नाही, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त पसरतो, पण प्लाझ्मा त्याला नेमका तेवढाच जास्त वळवतो.

०.७१ मापाचा हा फरक अपवर्तनांकात मोजला, तर एक लाखात दोन इतका भरतो. काचेच्या तंतूत तो हजारात चार-पाच असतो. एवढ्याशा फरकाने शेकडो टेरावॉट कसे अडतात? अडवायचा कोनही तेवढाच लहान आहे म्हणून. एक लाखात दोनचा फरक ज्या तिरक्या कोनापर्यंत किरण पूर्ण परत फिरवू शकतो, तो कोन येतो ६.४ मिलिरेडियन. आणि ४० मायक्रोमीटरचा ठिपका पसरतो तो कोनही ६.४ मिलिरेडियनच. हे जुळणं हीच वेव्हगाइडची व्याख्या आहे. पसरण्याची ओढ आणि आत वळवण्याची ताकद समान झाली की ठिपक्याचा आकार बदलत नाही.

तीन वाटा

पहिली नळी १९९३ साली मेरीलँड विद्यापीठात चार्ल्स डर्फी आणि हॉवर्ड मिल्चबर्ग यांनी केली. शंकूच्या आकाराच्या भिंगाने, ज्याला अ‍ॅक्सिकॉन म्हणतात, सुमारे १०० पिकोसेकंदांचा (एक पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा, अब्जांश सेकंदाचा, हजारावा भाग) स्पंद एका लांब रेषेवर आणायचा. रेषेवरचा वायू तापतो, फुगतो, बाहेर धक्कालहर पाठवतो, मध्य विरळ होतो. पण त्यात इलेक्ट्रॉन तापायचे ते आयनांवर आदळून. वायू विरळ केला की टकरा कमी होतात आणि तापणंच थांबतं. त्यामुळे १० मापांच्या खाली जाणं अवघड होतं, आणि जीईव्हीच्या कामाला हवी होती नेमकी तीच विरळ बाजू.

दुसरी वाट केशनळीची. नीलमणी स्फटिकात अर्धा मिलिमीटरच्या आसपास व्यासाची नळी कोरायची, हायड्रोजन भरायचा आणि दोन टोकांमध्ये काहीशे अँपिअरचा विद्युत स्पंद सोडायचा. मध्य तापतो, भिंतीजवळचा प्लाझ्मा थंड राहतो. दाब सगळीकडे सारखा असल्याने थंड जागी घनता जास्त. हवा तो आकार आपोआप मिळतो. २००६ साली बर्कली आणि ऑक्सफर्डच्या गटांनी अशा ३.३ सेंटिमीटर नळीत १ जीईव्ही गाठला. २०१४ साली ९ सेंटिमीटरमध्ये ४.२, २०१९ साली २० सेंटिमीटरमध्ये ७.८. मर्यादा मात्र पक्की आहे. नळीचा आकार भिंतीकडे जाणारी उष्णता ठरवते, आपण नाही. घनता कमी केली की जुळणारा ठिपका रुंदावतो. तो लहान ठेवायला भोक अरुंद केलं, तर लेसरच्या कडा भिंतीला लागून स्फटिक झिजतो. २०१९च्या प्रयोगात म्हणूनच नॅनोसेकंदांचा आणखी एक लेसर अक्षावरून सोडून मध्य अधिक तापवावा लागला.

तिसरी वाट सध्या सर्वांत पुढे आहे. टकरांनी तापवायचंच नाही. काही दहा फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंदाच्या विद्युतक्षेत्रानेच हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उपटून काढायचे. सुटताना ते सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके तापलेले असतात, आणि हे तापमान वायूच्या घनतेवर अवलंबून नसतं. सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

नळी तयार होते तेव्हा

लांब फटीच्या नोझलमधून हायड्रोजनचा पडदा निर्वात पेटीत सोडतात. मध्य शेवटी दहाव्या हिश्श्यावर येणार हे धरून चालायचं. म्हणजे अक्षावर १ माप हवं असेल तर सुरुवातीला १० माप इलेक्ट्रॉन देईल इतका वायू हवा, साधारण वातावरणाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा दाब. इथेही अ‍ॅक्सिकॉनच वापरतात; त्याने आणलेली प्रकाशाची रेषा नोझलच्या काही मिलिमीटर वर ठेवतात. फार जवळ आणली की प्लाझ्मा नोझल खातो, फार वर नेली की वायूचा पडदा विस्कळीत होतो.

अ‍ॅक्सिकॉनने किरण अक्षाशी ३ अंशांनी वळवले, तर मधल्या तेजस्वी ठिपक्याची त्रिज्या सुमारे ६ मायक्रोमीटर येते. ३० सेंटिमीटर रेषेला सुमारे १६ मिलिमीटर त्रिज्येचा झोत लागतो. अ‍ॅक्सिकॉन शक्यतो आरशाचा घ्यावा. जाड काचेतून गेलेला आखूड स्पंद काळात पसरतो आणि काचेतच बिघडतो. त्याच्या मधे भोक ठेवतात, त्यातून नंतर मुख्य स्पंद, म्हणजे लाट उठवणारा लेसर, जातो.

रेषेवरची तीव्रता सगळीकडे सारखी नसते. अक्षावरच्या प्रत्येक बिंदूला झोताचं एक कडं प्रकाश पुरवतं. जवळच्या बिंदूला लहान कडं, लांबच्या बिंदूला मोठं. त्यामुळे रेषेची सुरुवात अशक्त आणि पुढचा भाग बलवान असतो, शिवाय भोकामुळे सुरुवातीचा तुकडा रिकामाच राहतो. वायूचा पडदा रेषेच्या अगदी तोंडाशी कधी ठेवू नये. सुदैवाने हायड्रोजन पूर्ण आयनित होण्याची सीमा ओलांडली की जास्तीच्या तीव्रतेने तापमान फारसं बदलत नाही, म्हणून पुढचा चढउतार नळीला जाणवत नाही. प्रकाशाचं ध्रुवण वर्तुळाकार ठेवलं, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरतं ठेवलं, तर इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जा घेऊन सुटतात आणि फुगवटा जोरदार होतो.

त्यानंतर थांबायचं. तापलेला पातळ दोरा सुरुवातीला नॅनोसेकंदाला सुमारे ३० मायक्रोमीटर वेगाने फुगतो, मग बाहेरचा वायू लोटता लोटता मंदावतो. दोन ते पाच नॅनोसेकंदांत मध्य हवा तेवढा विरळ होतो आणि काही दहा मायक्रोमीटरवर लोटलेल्या वायूची भिंत उभी राहते. मुख्य स्पंदाला ३ नॅनोसेकंद उशीर द्यायचा म्हणजे त्याच्या वाटेत ९० सेंटिमीटर जास्त घालायचे, आरशांची जोडी मागेपुढे सरकवून. इथे एक शंका येते. नळीचं एक टोक आधी तयार होतं आणि दुसरं नंतर, मग ती सगळीकडे सारखी कशी? रेषाही प्रकाशाच्या वेगाने बनत जाते आणि मुख्य स्पंदही त्याच वेगाने मागून येतो. ३० सेंटिमीटरमध्ये दोघांत दीडेक पिकोसेकंदाचाच फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक जागी नळीचं वय सारखंच सापडतं.

एक मेख मात्र आहे. लोटलेली भिंत बहुतांशी न फुटलेल्या हायड्रोजनची असते. इलेक्ट्रॉन सुटे नाहीत तर अपवर्तनांक कमी होत नाही, म्हणजे ती खऱ्या अर्थाने भिंतच नसते. तिला आयनित करायला दोन मार्ग आहेत. मध्यभागी अंधार आणि भोवती तेजस्वी कडं असलेला दुसरा झोत पाठवून फक्त भिंत फोडायची. किंवा नळीतून जाणाऱ्या मुख्य स्पंदाच्या तोंडाने आणि कडांनी ती फोडू द्यायची. हायड्रोजन फुटायला दर चौरस सेंटिमीटरला १४० लाख कोटी वॉट पुरतात आणि मुख्य स्पंद त्याच्या हजारो पटींनी तीव्र असतो, त्यामुळे त्याची कडाही हे काम करते. दुसरा मार्ग सोपा आहे, पण स्पंदाचं अगदी पुढचं टोक बिनभिंतीच्या नळीत शिरतं आणि गळत जातं. मुख्य स्पंदाची ऊर्जा वाचवायची असेल तर भिंत आधी वेगळ्या स्पंदाने फोडलेली बरी.

या नळीजवळ घन असं काहीच नसल्याने झिजण्याचा प्रश्न नाही. २०२२ साली मेरीलँडच्या गटाने कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या लेसरवर अशाच २० सेंटिमीटर नळीत ५ जीईव्हीपर्यंत मजल मारली होती.

काय बिघडतं आणि का

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे लेसर नळीच्या मध्यावर न शिरणं. ४० मायक्रोमीटरच्या नळीत तो १० मायक्रोमीटर बाजूला पडला, तर ६ टक्के ऊर्जा चुकीच्या रूपांत, म्हणजे नळीला न जुळणाऱ्या प्रकाशाच्या आकारांत, जाते. २० मायक्रोमीटर सरकला तर २२ टक्के. १० मीटर लांबून गोळा केलेल्या झोताला १० मायक्रोमीटर हलायला एक मायक्रोरेडियनची थरथर पुरते, आणि ती पंप, पंखा, आरशाचा सैल स्क्रू यांपैकी कशातूनही येते. उरलेली ऊर्जाही सरळ जात नाही. ठिपका नळीत नागमोडी डोलतो, सुमारे ३९ मिलिमीटरला एक फेरा. त्याच्यामागे लाट डोलते, लाटेबरोबर इलेक्ट्रॉन डोलतात.

ठिपक्याचा आकार जुळला नाही, तर तो डोलण्याऐवजी श्वास घेतल्यासारखा आकुंचतो आणि फुगतो, दर २० मिलिमीटरला एकदा. प्रत्येक आकुंचनाला तीव्रता उसळते. नको तिथे इलेक्ट्रॉन लाटेत शिरतात आणि झोताच्या ऊर्जेची रुंदी वाढते.

प्रवेशद्वाराशी सांडलेला वायू तिसरा शत्रू. नळी सुरू होण्याआधी लेसरला साधा वायू भेटला, तर तो मध्यभागी जास्त फुटतो. मध्य दाट, कडा विरळ, म्हणजे नेमकं उलटं भिंग. ठिपका दारातच विस्कटतो. त्यासाठी अ‍ॅक्सिकॉनची रेषा वायूच्या बाहेर थोडी आधीच सुरू व्हावी लागते.

अ‍ॅक्सिकॉन जरासा तिरका बसला, की गोल ठिपक्याऐवजी चार टोकांची चांदणी दिसते. तीव्रता चौघांत वाटली जाते आणि नळीचा छेद चौकोनी होतो किंवा काही ठिकाणी नळी बनतच नाही. एक सेंटिमीटरचा तुटलेला तुकडा सगळी नळी वाया घालवतो. कॅमेरा रेषेवर पुढेमागे सरकवत पूर्ण लांबीभर ठिपका गोल आहे का ते रोज पाहावं. एकाच जागी पाहून समाधान मानू नये.

मोजमाप करणंही सोपं नाही. आडवा लेसर टाकून १ मापाचा, १०० मायक्रोमीटर जाडीचा प्लाझ्मा पाहिला, तर व्यतिकरण पट्टा, म्हणजे दोन प्रकाशझोत एकत्र आल्यावर दिसणारी उजळ-काळी पट्टी, हलतो त्याच्या रुंदीच्या जेमतेम अडीचशेव्या हिश्श्याने. एका छायाचित्रात तो कॅमेऱ्याच्या गोंगाटात बुडतो. शेकडो छायाचित्रांची सरासरी घ्यावी लागते. त्याआधी दोन वेळा, नळीसह आणि नळीविना, संदर्भचित्रं घ्यावीत, नाहीतर हवेची हालचालच घनता म्हणून मोजली जाते.

इलेक्ट्रॉन कुठे शिरणार हेही आपल्या हाती ठेवावं लागतं. शुद्ध हायड्रोजनमध्ये लाट बेताची ठेवली तर ती स्वतःहून इलेक्ट्रॉन पकडत नाही, आणि हाच तिचा गुण आहे. मग एका छोट्या जागी थोडा नायट्रोजन मिसळतात. त्याचे सर्वांत आतले दोन इलेक्ट्रॉन ५५२ आणि ६६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेले असतात, ते स्पंदाच्या शिखरावरच सुटतात आणि थेट लाटेच्या आत जन्मतात. नायट्रोजन पूर्ण लांबीभर पसरला, तर इलेक्ट्रॉन सतत शिरत राहतात. प्रत्येकाला वेगळं अंतर मिळतं, वेगळी ऊर्जा मिळते आणि हातात येतो लांबलचक डाग.

बाहेर पडणारा झोत चुंबकाने वळवून ऊर्जा वाचतात, तिथेही नळीचं डोलणं फसवतं. १ टेस्लाचा १ मीटर लांब चुंबक १० जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनला सुमारे ३० मिलिरेडियन वळवतो. इलेक्ट्रॉन नळीतूनच वळणाच्या प्रतलात १ मिलिरेडियन तिरके निघाले, तर वाचन तीन टक्क्यांनी चुकतं, आणि १० जीईव्ही ९.७ किंवा १०.३ दिसतात. म्हणून चुंबकानंतर वेगवेगळ्या अंतरांवर दोन पडदे लावतात. त्यांवरच्या दोन ठिपक्यांतून निघतानाचा कोन आणि ऊर्जा दोन्ही वेगळी काढता येतात.